उंबऱ्याच्या आत आलेला कुत्रा

वाचकहो, दिवेलागणीच्या सुमारास आमच्या भवानी पेठेतल्या एखाद्या बोळातून फेरी मारून पाहा. यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो, कुठे सुताच्या गठ्ठ्यांची हातगाडी अडकलेली असते, आणि एखाद्या घराच्या पायरीवर एक पांढरे, झिपरे, फुटभर उंचीचे जनावर ऐटीत बसलेले असते. कान टोकदार, तोंड कोल्ह्यासारखे निमुळते, शेपूट पाठीवर पंख्यासारखी वळलेली. तुम्ही दहा पावलांवर आलात की ते उभे राहते आणि आपल्या आकाराला न शोभणाऱ्या आवाजात भुंकू लागते. आतून हाक येते. कुठे मराठीत, कुठे तेलुगूत, कुठे कानडीत. कारण मराठीतला कुत्रा आमच्या बोळात तेलुगू घरात ‘कुक्का’ होतो आणि कानडी घरात ‘नायी’. पण जातीचे नाव विचारले तर तिन्ही भाषांत एकच उत्तर मिळते : ‘पामेरियन आहे की!’

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. इतिहासाच्या माणसाने राजे-लढाया सोडून कुत्र्याच्या मागे का लागावे, असे तुम्ही विचाराल. त्याचे कारण पुढे सांगणारच आहे, आणि ते थोडे दुःखाचे आहे. तूर्त एवढेच म्हणतो की हा पांढरा प्राणी आमच्या पेठेत आला कुठून, हा प्रश्न साधा नाही. त्याचा माग काढताना बाल्टिक समुद्रापर्यंत जावे लागते.

आधी आपल्या घरचे पाहू. कुत्रा आपल्याला नवा नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात दायमाबाद येथे १९७४ साली धातूच्या चार मोठ्या वस्तू सापडल्या. त्यांत दोन बैल जुंपलेला एक रथ आहे. रथात माणूस उभा आहे आणि रथाच्या दांडीवर एक छोटा कुत्रा उभा आहे. त्या वस्तूंच्या काळाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. परंतु ज्या कारागिराने तो रथ घडवला, त्याला धन्याच्या गाडीवर कुत्रा असणे स्वाभाविक वाटले, एवढे निश्चित.

दुसरा पुरावा दगडावरचा. कर्नाटकात आतकूर येथे इसवी सन ९४९ च्या सुमाराचा एक शिलालेख मिळाला. तेव्हा राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण राज्य करीत होता. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे गुलबर्ग्याकडचे आजचे मळखेड. सोलापूरकरांना ते काही दूर नाही. ह्या राजाच्या बाजूने लढलेला गंग राजा बूतुग आपल्या मणलेर नावाच्या वीरावर प्रसन्न झाला आणि ‘काय हवे ते माग’ म्हणाला. मणलेराने गाव मागितले नाही, सोने मागितले नाही. राजाचा ‘काळी’ नावाचा कुत्रा मागितला. पुढे ह्या काळीने एका रानडुकराशी झुंज घेतली आणि दोघेही मेले. मणलेराने त्या कुत्र्याच्या नावाने दगड उभा केला, त्याच्या पूजेसाठी जमीन लावून दिली, आणि पुजाऱ्याने त्या दगडाची पूजा केल्याशिवाय जेवू नये असेही बजावले.

तिसरा पुरावा साताऱ्याचा. कृष्णा आणि वेण्णा ह्यांच्या संगमावर, माहुलीस, थोरल्या शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी दाखवतात. शिकारीत वाघापासून ह्या कुत्र्याने महाराजांचा जीव वाचवला अशी हकीकत आहे. महाराजांनी त्याला जहागीर आणि पालखी दिली, आणि एकदा जरीची झूल घालून आपले पागोटेच त्याच्या डोक्यावर ठेवले, असे ग्रँट डफने आपल्या १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासात लिहून ठेवले आहे. हा साहेब आपल्या राजांकडे कोणत्या चष्म्यातून पाहत होता ते लक्षात घेऊनच ती हकीकत वाचावी. तरी कुत्र्यावरचा लोभ काही खोटा वाटत नाही.

आता ह्या गोष्टींत एक समान धागा आहे, तो पाहा. आतकूरची काळी काय, शाहू महाराजांचा कुत्रा काय, दोघांनाही मान मिळाला तो पराक्रमाबद्दल. आपल्या मुलखातली नावाजलेली कुत्रीही कामाचीच. मुधोळचा हाउंड आणि आमच्या भागातला पश्मी ही सशामागे वाऱ्यासारखी धावणारी, सडपातळ शिकारी कुत्री. धनगराचा कुत्रा मेंढरे राखणारा. वाड्याचा कुत्रा दिंडी राखणारा. काम केले तर भाकरी, आणि ती भाकरीसुद्धा उंबऱ्याच्या बाहेर.

उंबऱ्याबाबत आपली परंपरा मोठी चमत्कारिक आहे. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत आणि ते चार वेद आहेत असे आपण मानतो. खंडोबाबरोबर कुत्रा असतो. त्याचे वाघे तर स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवून घेतात. धर्मराजाने कुत्र्यावाचून स्वर्गात पाऊल टाकायचे नाकारले. आमच्याच जिल्ह्यातल्या पंढरपूरचे नामदेव महाराज कुत्र्याने पळवलेल्या पोळीमागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण पोराबाळांना सांगतो. आणि इतके सगळे सांगून झाल्यावर दारात कुत्रे आले की ‘हाड्!’ म्हणतो. माझी आजी रोज दत्ताच्या तसबिरीला फूल वाही. त्यातल्या चौघांनाही तिचे कुंकू लागे. पण तिचे वाक्य ठरलेले : ‘कुत्रं ते कुत्रंच. उंबऱ्याच्या भायेर बरं.’

हा उंबरा आमच्या पेठेत पहिल्यांदा ओलांडला तो ह्या पांढऱ्या झिपऱ्याने. म्हणून त्याची कुळकथा महत्त्वाची.

‘पॉमेरेनियन’ हे नाव पॉमेरेनिया ह्या प्रदेशावरून पडले. बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरचा हा पट्टा. आज त्याचा काही भाग जर्मनीत आणि बराचसा पोलंडात आहे. स्लाव भाषेतल्या मूळ नावाचा अर्थच ‘समुद्राकाठचा मुलूख’. आपली जशी कोकणपट्टी, तशी ती त्यांची. ह्या थंड मुलखात टोकदार तोंडाची, दाट केसांची कुत्री शेकडो वर्षे होती. जर्मन लोक त्यांना ‘स्पिट्झ’ म्हणतात. स्पिट्झ म्हणजे टोकदार. ही कुत्री कुणाच्या मांडीवर बसत नव्हती. ती शेतकऱ्याच्या अंगणात शेणखताच्या ढिगावर उभी राहून आल्यागेल्यावर भुंकत, द्राक्षमळे राखत, मालाच्या गाड्यांवर बसून गाडीवानाचा माल सांभाळत. दायमाबादच्या रथावरच्या कुत्र्याची इथे आठवण व्हावी! शिकारीच्या मागे पळून जायचे नाही, धन्याचे ठिकाण सोडायचे नाही आणि खुट्ट झाले की ओरडायचे, हे त्या कुत्र्याचे काम. आमच्या पायरीवरचे झिपरे आज भुंकते ते वेडेपणाने नव्हे. तो त्याचा पिढीजात पेशा आहे. फक्त राखायला द्राक्षमळा उरलेला नाही.

मग हा गाडीवरचा राखणदार गादीवर कसा गेला? १७६१ हे साल मराठी माणसाला सांगायला नको. त्या वर्षी जानेवारीत पानिपत झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज ह्याचे लग्न झाले. नवरी शार्लट ही पॉमेरेनियाच्या शेजारच्या मेक्लेनबर्ग-स्ट्रेलिट्झ ह्या छोट्या संस्थानची राजकन्या. तिच्यामुळे ही कुत्री इंग्लंडच्या राजवाड्यात शिरली. गेन्सबरो ह्या थोर चित्रकाराने त्या काळात अशी कुत्री रंगवली आहेत. ती चित्रे पाहिली तर नवल वाटते. त्यांतली कुत्री मांजराएवढी नाहीत. चांगली दहा-बारा किलोंची, आमच्या पेठेतल्या गावठी कुत्र्याच्या जवळपास जाणारी आहेत.

त्यांना लहान केले ते शार्लटच्या नातीने, म्हणजे राणी व्हिक्टोरियाने आणि तिच्या अनुकरणाने. १८८८ साली राणी इटलीत फ्लॉरेन्सला गेली असताना तिला तिथली लहान चणीची स्पिट्झ कुत्री आवडली. त्यांतला ‘मार्को’ नावाचा कुत्रा तिचा लाडका झाला. १८९१ साली लंडनच्या क्रफ्टच्या प्रदर्शनात राणीची कुत्री मांडली गेली, आणि त्याच साली इंग्लंडात ह्या जातीसाठी स्वतंत्र मंडळ निघाले. मग काय विचारता! राणीचा कुत्रा लहान, तर सरदारणीचा त्याहून लहान. लहानातले लहान पिल्लू निवडायचे, त्याची पैदास करायची, त्यातून आणखी लहान निवडायचे, असे चालले. थोड्याच दशकांत दहा-बारा किलोंचा राखणदार दोन-तीन किलोंवर आला. २२ जानेवारी १९०१ रोजी राणी वारली तेव्हा ‘टुरी’ नावाचा तिचा छोटा पॉमेरेनियन तिच्या बिछान्यावर होता. पुढे १९१२ साली टायटॅनिक बुडाली. तीवर दहा-बारा कुत्री होती, त्यांतली तीनच वाचली आणि त्या तिघांत दोन पॉमेरेनियन होते. कारण उघड आहे : शालीत गुंडाळून होडीत नेता येतील एवढीच ती होती.

पण थांबा. आमच्या पायरीवरचा पांढरा कुत्रा हा तो दोन किलोंचा पॉमेरेनियन नव्हे! इथे नावाने आपल्याला फसवले आहे. ब्रिटिश अमलात हिंदुस्थानात आलेल्या जर्मन स्पिट्झ कुत्र्यांपासून इथे, इथल्या हवापाण्यात जी संतती वाढली, तिला आज ‘इंडियन स्पिट्झ’ म्हणतात. लहान चणीचा असेल तर पाच ते सात किलो, मोठ्या चणीचा बारा किलोंच्या वर. बहुधा पांढरा, क्वचित काळा किंवा तपकिरी. युरोपातल्या भावंडापेक्षा त्याचे केस विरळ, तोंड थोडे लांब, पाय उंच. दूध-भाकरी, आमटी-भात अशा घरच्या अन्नावर तो पिढ्यान्‌पिढ्या निभावला. परदेशी माल आणणे कठीण होते अशा १९८०-९० च्या दशकांत मध्यमवर्गीय घराला परवडेल असा हाच एक ‘जातिवंत’ कुत्रा होता. आणि १९९४ च्या ऑगस्टात ‘हम आपके हैं कौन’ हा चित्रपट आला. त्यात क्रिकेटच्या सामन्यात पंच होणारा आणि शेवटी चिठ्ठी योग्य माणसाला पोचवून सगळ्यांचा संसार सावरणारा ‘टफी’ सगळ्या देशाने पाहिला. तो पांढरा स्पिट्झच होता.

मी तेव्हा सहावीत होतो. त्या दिवाळीनंतर आमच्या बोळात निदान तीन टफी झाले. त्यांतला एक आमचा.

आता स्वभाव सांगतो, तो पुस्तकातला नव्हे, ओट्यावरचा. हा कुत्रा साऱ्या घराचा असतो, पण मनातून एकाचाच असतो. आमचा टफी माझ्या आजीचा झाला. त्याच आजीचा, जिचे वाक्य मी वर दिले! पहिल्या महिन्यात तो ओट्यावर होता, दुसऱ्यात उंबऱ्यावर हनुवटी टेकून बसू लागला, आणि तिसऱ्यात आजीच्या गोधडीच्या कोपऱ्यावर झोपू लागला. आजी म्हणे, ‘पोरगं थंडीनं कुडकुडतंय, म्हणून घेतलं.’ सोलापूरची थंडी ती किती, ते तुम्हांला ठाऊकच आहे. तो हुशार, चटकन शिकणारा. मागाची शिफ्ट सुटण्याचा भोंगा झाला की वडिलांच्या चपलेपाशी जाऊन बसे. तसा तो मत्सरीही असतो. लहान बाळाला मांडीवर घेतले की मध्ये तोंड घालतो. अनोळखी माणसाचा त्याला संशय फार. भुंकण्याला वेळीच आवर घातला नाही तर शेजाऱ्यांशी भांडण ठरलेले. एकटा कोंडून ठेवला तर तो झुरतो, दारे ओरबाडतो. त्याला वाड्याएवढी जागा लागत नाही, पण माणूस लागतो.

आणि आता ती दुःखाची गोष्ट. पुढच्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, पारा चव्वेचाळिसाच्या आसपास होता. ‘एवढे केस, बिचाऱ्याला उकडत असेल’ असे म्हणून आम्ही कात्रीने आणि वस्तऱ्याने त्याचे सगळे केस उतरवले. अगदी मायेने केले हो! दुसऱ्या दिवशी घरात लग्नाची गडबड होती म्हणून त्याला मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बांधले. पाण्याचे भांडे त्याने की कोणी पोराने लवंडले होते. दुपारी चार वाजता मी गेलो तेव्हा तो आडवा पडला होता, जीभ बाहेर, अंग तव्यासारखे तापलेले. जनावरांच्या डॉक्टरांपर्यंत आम्ही त्याला नेले, पण उशीर झाला होता. आजी दोन दिवस जेवली नाही. तिने दत्ताच्या तसबिरीकडे पाहून काय म्हटले ते मी इथे लिहीत नाही.

पुढे वाचायला लागलो तेव्हा कळले की आम्ही अज्ञानाने काय केले. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतो; कोंदट, तापलेल्या जागेत त्याचा तो मार्ग बंद होतो. स्पिट्झचे केस दुपदरी असतात : आत मऊ लोकर, वर लांब राठ केस. ही बाल्टिकच्या थंडीसाठी घातलेली बंडी खरी, पण तीच ऊन कातडीपर्यंत पोचू देत नाही. सुती गोधडी जशी बर्फाच्या लादीवर घालतात, तसेच ते. मोकळे झालेले केस रोज विंचरून काढावेत, वस्तरा लावू नये. उन्हाळ्यात त्याची जागा सावलीची, वाऱ्याची, फरशीची असावी. पाणी दोन ठिकाणी ठेवावे. फिरवायचे ते उजाडताना आणि रात्री. ऊन लागलेच तर ओल्या फडक्याने अंग पुसत, वारा घालीत ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. एवढी कुळकथा आम्हांला ठाऊक असती, तर टफी आणखी दहा-बारा वर्षे सहज जगला असता. इतिहासाच्या माणसाने कुत्र्याच्या मागे का लागावे, ह्याचे उत्तर आता तुम्हांला मिळाले असेल.

कोणी म्हणेल, ‘ज्याचे काहीच काम नाही असा कुत्रा बाळगणे ही राणीची चैन, आपल्याला काय करायची?’ ह्याला दोन उत्तरे आहेत. एक शास्त्राचे. कुत्र्यांना लहान चण देणारा एक आनुवंशिक फरक २०२२ साली शास्त्रज्ञांना थेट चोपन्न हजार वर्षांपूर्वीच्या सायबेरियातल्या लांडग्यात आढळला. म्हणजे लहानपणाचे बीज निसर्गातच होते. माणसाने ते निवडून वाढवले. दुसरे उत्तर इतिहासाचे. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली एक पुरुष, एक स्त्री आणि एक कुत्रे ह्यांचे सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे दफन सापडले. त्या कुत्र्याचे दात अलीकडे, २०१८ साली, नीट तपासले गेले. ते सहा-सात महिन्यांचे पिल्लू होते आणि डिस्टेंपरने अनेक आठवडे आजारी होते. कोणीतरी त्याला भरवले, पुसले, ऊब दिली, म्हणूनच ते तेवढे दिवस जगले. असे पिल्लू शिकारीला उपयोगाचे नव्हते, राखणीला नव्हते. तरी त्याला माणसांबरोबर माती दिली. तेव्हा केवळ सोबतीसाठी कुत्रा जवळ करणे हे राण्यांच्या आधी, गावांच्याही आधी माणसाला ठाऊक होते. आजीच्या गोधडीचा कोपरा चौदा हजार वर्षे जुना आहे.

पण चैन ती चैनच, जेव्हा ती दुसऱ्याच्या जिवावर चालते. २००३ साली मोबाइलच्या एका जाहिरातीत चपट्या नाकाचा पग आला आणि आपल्याकडे पगांची लाट उसळली. टफीचे वंशज मागे पडले. फॅशन बदलते, कुत्रा मात्र बारा-चौदा वर्षे जगतो. बदललेल्या फॅशनची किंमत म्हणजे सकाळी मार्केट यार्डाजवळ गळ्यात पट्टा असलेले, केसांच्या जटा झालेले, गाड्यांमागे बावरून पळणारे एखादे पांढरे कुत्रे. ते मी अनेकदा पाहिले आहे. गावठी कुत्र्याला रस्ता कळतो. ह्याला कळत नाही. त्याला फक्त दार कळते, आणि ते बंद झालेले असते.

म्हणून पिल्लू आणायचा विचार असेल तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याला नोंदणी लागते; तेव्हा पिल्लाची आई दाखवा म्हणावे, आणि न दाखवील त्याच्याकडून घेऊ नये. रेबीजची लस तिसऱ्या महिन्याच्या सुमारास आणि मग नेमाने द्यावीच. कुत्रा लहान म्हणून रोग लहान होत नाही. घरी दिवसभर कोणी असणार आहे का, ते मोजावे. आणि दुपारी दोन वाजता ज्या जागी आपण स्वतः तासभर बसू शकणार नाही, त्या जागी त्याला बांधू नये. चौथी गोष्ट मी पुस्तकातून शिकलेलो नाही.

आज आमच्या घरी पुन्हा एक झिपरे आहे. जातीचे आहे की नाही, देव जाणे; रस्त्यावर सापडले. कान टोकदार, रंग मळकट पांढरा. हे वाचून झाल्यावर तुमच्या दारात एखादे येऊन बसलेच, तर हाड् म्हणण्यापूर्वी एवढे आठवा की तो फार लांबून आला आहे. आजीच्या तसबिरीपुढे आमचे झिपरे रोज संध्याकाळी बसते, प्रसादाच्या आशेने. तसबिरीतल्या चौघांनी त्याला अजून हरकत घेतलेली नाही.